दगडफुलावर वाढणारी बुरशी ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. महाबळेश्वरजवळ आमच्या बांधावरच्या जांभळाला दगडफूल भरपूर येतं, आपण मसाल्यात घालतो तसलंच. त्यातल्या काही पापुद्र्यांवर खसखशीहून बारीक काळे ठिपके दिसले. भिंगातून पाहिलं तर ठिपक्यांभोवतीचा भाग गुलाबीसर होऊन मेलाय, शेजारचा राखाडी-हिरवा मात्र ठणठणीत. दगडफुलाची स्वतःची पिक्निडिया, म्हणजे बीजाणू तयार करणाऱ्या इवल्या कुप्या, याही काळ्या, ठिपक्यांसारख्याच दिसतात, पण त्यांच्यामुळे अशी मर पडत नाही. म्हणून ही वरून आलेली वेगळी बुरशी असावी, असं मला वाटतं. दगडफूल हे लायकेन, म्हणजे बुरशी आणि शेवाळाची जोडी; अशा लायकेनवर जगणाऱ्या बुरशीच्या २००० च्या आसपास प्रजाती जगात नोंदल्या आहेत.

ही नवीन प्रजाती आहे का, हे बीजाणू मोजल्याशिवाय बोलणं बरोबर नाही. त्यासाठी पातळ काप, पोटॅशचं द्रावण, आयोडीन आणि १००० पट दाखवणारा मायक्रोस्कोप लागतो. साताऱ्यात किंवा कराडला कुठल्या कॉलेजात हे करू देतील? पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुना जमा करायची पद्धत कुणाला माहीत आहे का? नाव द्यायची वेळ आलीच तर होलोटाइप (ज्यावरून नाव ठरतं तो मूळ नमुना) हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात हवा, आणि २०१३ पासून मायकोबँकसारख्या बुरशीच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीतला नोंदणी क्रमांकही.

नमुने सालीसकट सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवलेत. भिंगातले फोटो हवे असतील तर लगेच पाठवतो.