तेल लागलेला डिस्क ब्रेक: रोटर पुसता येतो, पण पॅडचे काय?

चाकोरी: चेनवर तेल फवारताना त्याचा तुषार मागच्या रोटरवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर उडाला आणि दुसऱ्या दिवशी उतारावर लिव्हर दाबताच सायकल थांबण्याऐवजी नुसती किंचाळू लागली. मी रोटर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला, पॅड (रोटरला दोन्ही बाजूंनी दाबणारे घर्षणाचे तुकडे) काढून सँडपेपरवर घासले, चिमट्यात धरून धूर निघेनासा होईपर्यंत गॅसच्या आचेवर तापवले आणि ब्रेक पूर्ववत झाला. तेल लागले की पॅड फेकूनच द्यावेत, हा सल्ला मला घाबरटपणाचा वाटतो.

सुटी कडी: रोटरपुरते आपले म्हणणे मान्य आहे, पॅडबाबत मुळीच नाही. रोटर स्टेनलेस स्टीलचा असल्यामुळे तेल त्याच्या पृष्ठभागावरच राहते. पॅड मात्र सच्छिद्र असल्याने ते आत शोषून घेतो. आचेने वरचा थर जळतो, खोलवरचे तेल तसेच राहते आणि लांब उतारावर पॅड तापला की तेच पुन्हा बाहेर येते. ऑरगॅनिक पॅडमधील कण तर रेझिनने बांधलेले असतात, म्हणजे आपण तेलाबरोबर तो बांधही जाळता.

चाकोरी: माझे पॅड सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी तापवून घट्ट केलेले आहेत. दोन आठवडे झाले, तक्रार नाही.

सुटी कडी: ही गोष्ट पहिल्याच मजकुरात हवी होती, कारण वाचणारा ऑरगॅनिक पॅडही आचेवर धरेल. शिवाय कोणी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारून ते तापवले, तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. घरात हा प्रयोग नकोच.

जुना पाना: पॅडचा वाद चालू द्या, पण ‘रोटर पुसला’ एवढ्यावर दोघेही फार लवकर पुढे गेलात. एकाच फडक्याने गोल गोल पुसत राहिले, तर तेल निघत नाही, नुसते पसरते. म्हणून प्रत्येक फेरीला फडक्याची कोरी बाजू घ्यावी आणि छिद्रांच्या कडाही पुसाव्यात, कारण तेल तिथे दडते. फडक्यावर येणारी राखाडी छटा बहुधा पॅडची पूड असते, तिला घाबरू नये. तेलाचा डाग कागदावर पारदर्शक दिसतो. सुगंधी किंवा त्वचा मऊ ठेवणारे द्रव्य मिसळलेले स्पिरिट वापरू नये, कारण त्याचा थर मागे राहतो. पुसलेल्या रोटरला बोट लावले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! बारीक सँडपेपरचा हलका हात चालतो, पण जाडीवर लक्ष असावे: शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या अनेक रोटरांची जाडी नवी असताना १.८ मिलिमीटर असते आणि १.५ मिलिमीटरवर ते बदलावे लागतात. शेवटी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, साधारण वीस वेळा ब्रेक लावल्याशिवाय पकड परत आली की नाही हे ठरवू नये. एवढे करूनही तेल परत आले, तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड रोटरवर दाबणाऱ्या भागाच्या, पिस्टनचे सील गळत आहे का ते पाहावे. तिथे कितीही पुसले तरी व्यर्थ.

चाकोरी: पिस्टन पाहिले, कोरडे आहेत. मागचे पॅड मी बदलणार नाही. पुढच्या चाकाला असे झाले असते तर तापवले असते का, याचे उत्तर मात्र प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच आहे.

सुटी कडी: माझा आक्षेप निम्मा तरी आपणच मान्य केलात. उरलेला निम्मा पुढच्या लांब उतारावर तपासावा, आणि तोही हळू.