ब्रेसेससाठी चार दात काढले होते, आता घोरणं आणि सकाळची डोकेदुखी त्यामुळेच का?

चकलीप्रेमी:
मंडळी, नववीत तारा लावल्या तेव्हा चार चांगल्या उपदाढा काढल्या होत्या, वर दोन खाली दोन. दात मस्त सरळ झाले, आई खूश. आता वय ३१ आणि गेलं वर्षभर सकाळी उठले की कपाळ ठणकतं, तोंडाला कोरड, नवरा म्हणतो तू घोरता घोरता एकदम गप्प होतेस आणि मग दचकून श्वास घेतेस. यूट्यूबवर सगळे सांगतायत दात काढले की जबडा आत जातो, जिभेला जागा उरत नाही, ती घशात पडते. एका क्लिनिकवाल्यांनी जागा परत उघडून इम्प्लांट टाकायचे साडेचार लाख सांगितलेत. करू का?

रातकिडा:
साडेचार लाख राहू देत आधी. गप्प होऊन दचकणं म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याच्या आजाराची शंका, कारण काही का असेना. माझं सेम होतं आणि माझे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत 😀 ईएनटीने घरी करायची स्लीप टेस्ट दिली, बोटाला क्लिप, नाकाखाली नळी, छातीला पट्टा. पहिल्या रात्री पट्टा सुटून पायात गुंडाळला गेला म्हणून दोनदा करावी लागली. एएचआय २२, म्हणजे तासाला २२ वेळा श्वास अडत किंवा उथळ होत होता. ५ च्या खाली नॉर्मल, ३० पासून गंभीर. सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं ते) लावायला लागलो आणि दोनेक आठवड्यांत डोकं हलकं झालं.

उपदाढ:
मी ऑर्थो करतो, म्हणजे तारा लावणारा दातांचा डॉक्टर, तेव्हा धंद्याची बाजू घेतोय म्हणा हवं तर. दात काढावेत का हा वाद शंभर वर्षं जुना, अमेरिकेत तारा लावणारे दंतवैद्य एडवर्ड अँगल ठाम विरोधात, आणि त्यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड पुढे काढायला लागला कारण न काढलेल्या केसेस परत वाकड्या व्हायला लागल्या. अ‍ॅप्नियाचं म्हणाल तर २०१५ साली तिकडेच साडेपाच हजार पेशंटांचे रेकॉर्ड तपासले, निम्म्यांच्या उपदाढा नव्हत्या, निम्म्यांच्या होत्या, अ‍ॅप्नियाचं प्रमाण दोन्हीकडे साधारण १० टक्के. आता पुढचे दात फार मागे ओढले तर काहींच्या एक्सरेत जिभेमागची जागा कमी दिसते हे खरं, पण तो एक्सरे जागेपणी काढलेला असतो, झोपेत घसा किती मिटतो ते त्यात कळत नाही. स्लीप टेस्ट न करता लाखांचं कोटेशन देणाऱ्याकडे मी तरी पाऊल ठेवणार नाही.

मिरची_कांदा:
रात्री दात खातेस का गं? माझी कानशिलं दुखायची ती त्यानेच, नाइट गार्डने थांबली. आणि नाकाचं हाड, अ‍ॅलर्जी, बीपी पण बघून घे.

चकलीप्रेमी:
दात खाते की नाही माहीत नाही, नवऱ्याला आज रात्री कान देऊन ऐकायला सांगितलंय. सगळ्यांना थँक्यू, ईएनटीची गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली. रातकिडा, तो पट्टा चिकटपट्टीने लावला तर चालतो का?