मदत हवी आहे: आयपीएलचा सामना, दोन खोल्या आणि आठ मुलं

शेवग्याची_शेंग:
शनिवारी ठाण्यात आमच्याकडे सामना बघायला चार कुटुंबं येणार आहेत. मुलं आठ: तिघं ३ ते ५ वर्षांची, पाच जण ७ ते ११ची. सामना ७:३०ला सुरू, म्हणजे अकरा तरी वाजणार. टीव्ही हॉलमध्ये, बेडरूम मोकळी. मुलांच्या हातात मोबाइल द्यायचा नाही असं सगळ्या आयांनी ठरवलंय (बाबांना कुणी विचारलं नाही). काय तयारी करून ठेवू?

खडूफळा:
सलग साडेतीन तास गुंतवायचं डोक्यातून काढा. सामन्यातच थांबे असतात, खेळ तिथे बसवा. प्रत्येक डावात अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट: एक ६ ते ९ षटकांच्या दरम्यान, दुसरा १३ ते १६च्या. शिवाय दोन डावांमध्ये वीसेक मिनिटं.

सामना चालू असताना मोठ्या पोरांना खेळ नको, काम द्या. धावफलक सगळ्यात टिकतो. गेल्या वर्षीच्या कालनिर्णयमधले तारखांचे मोठे आकडे कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. १ ते ९ प्रत्येक पानावर मिळतातच. शून्यासाठी १०, २०, ३० कापायचे. धावांना तीन घरं, विकेटला एक, षटकांना दोन. पाच महिन्यांची पानं पुरतात, कारण शतकाच्या आणि षटकांच्या दशकाच्या घराला १ आणि २च लागतात. दोरी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी आकडे अडकवा. दोरी मुलांच्या खांद्याच्या उंचीवर हवी. वर बांधलीत तर दर चेंडूला खुर्ची ओढली जाईल, आणि तीही टीव्हीसमोरून. धावा एकाकडे, विकेट-षटकं दुसऱ्याकडे, पाच षटकांनी जोडी बदला. एकाच्याच हातात सगळं दिलंत तर बाकीचे चार जण तिसऱ्या षटकात आतल्या गादीवर उड्या मारताना सापडतील.

लेगबाय:
टाइमआउटला बुक क्रिकेट. पुस्तक कुठेही उघडायचं, डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आलं की आउट. ८ला १ धाव हे आधीच ठरवा, भांडण तिथेच होतं. सरासरी दर पाचव्या वेळी शून्य येतं, म्हणून प्रत्येकी दोनच विकेट. अडीच मिनिटांत एका जोडीचा डाव आटोपतो. पाच जण असतील तर पाचवा अंपायर. पुस्तक दोनशे पानांच्या वरचं आणि पाठ न मोडलेलं घ्या. मोडलेलं पुस्तक पुन्हापुन्हा त्याच पानावर उघडतं आणि पोरांच्या ते लगेच लक्षात येतं.

‘पुढच्या चेंडूवर काय’ हा खेळही चालतो. प्रत्येकाला पैजेसाठी दहा पत्ते. एक कॅट पाच जणांना पुरतो. चिंचोके नकोत, तीन वर्षांचं पोर नाकात घालतं. अट एकच, मोठ्यांचेही फोन पालथे. स्ट्रीमिंग काही सेकंद मागे असतं, स्कोअरचं अ‍ॅप बरेचदा पुढे. एकाने चोरून पाहिलं की खेळ संपला.

खडूफळा:
बिंगो (चौकटीत लिहिलेलं सामन्यात घडलं की त्यावर खूण करायची) करणार असाल तर ३ × ३ चौकटी, आणि त्यात वाइड, झेल, रिव्ह्यू, निर्धाव चेंडू, चीअरलीडर असली नेहमीची मंडळी. हॅटट्रिक, शतक लिहाल तर कुणाचाच कागद भरणार नाही. चौकटींची जागा प्रत्येक कागदावर वेगळी ठेवा, नाहीतर पाचही जण एकदम ओरडतील.

वरणफळ:
खाण्याचं कुणी बोललं नाही! लहान तिघांना सातच्या आत जेवू घाला. पॉवरप्लेच्या पहिल्या सहा षटकांत मोठ्यांचं लक्ष नसतं आणि भुकेली पोरं नेमकी तेव्हाच रडतात. इडलीचे तुकडे, मऊ पराठा, केळं. पॉपकॉर्न, फुटाणे, शेंगदाणे पाच वर्षांखालच्यांना नकोत. घशात अडकतात, त्यातून षटकार बसला की घरभर उड्या. मोठ्यांचे चिवड्याचे वाडगेसुद्धा टीपॉयवर नकोत, वर ठेवा. बेडरूममध्ये साडेनऊलाच अंथरुणं घालून दिवा मंद करा.

या तिघांना अंपायर करा: षटकाराला दोन्ही हात वर, वाइडला दोन्ही आडवे, चौकाराला हात हलवायचा. लेगबायला गुडघा उचलून थापटायचा, हे त्यांना फार आवडतं.

शेवग्याची_शेंग:
कालनिर्णय सापडलं! ४ आणि ६चे फलक करतेय. काठी कसली लावू? झाडूच्या काड्या आहेत.

लेगबाय:
काडी अजिबात नको, शेजारच्याच्या डोळ्यात जाईल. वर्तमानपत्राची दोन पानं घट्ट गुंडाळून सुरळी करा, टोक एक इंच आत दुमडून चिकटपट्टी लावा. फलक वहीच्या पानाएवढाच. आणि फलकवाल्यांना सोफ्यामागे बसवा. पुढे सतरंजीवर बसले तर प्रत्येक षटकाराचा रिप्ले तुम्हाला पुठ्ठ्याच्या पाठीवर बघावा लागेल.