सांगली: जुन्या लोड बेअरिंग घरावर मजला चढवायचा आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी किती योग्य?

नमस्कार मंडळी,

आमचं घर सांगलीत गावभागात आहे. 1986 चं बांधकाम, लोड बेअरिंग (म्हणजे कॉलम नाहीत, सगळा भार भिंतींवर), 9 इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब. 2005, 2019 आणि 2021, तिन्ही पुरांत पाणी आत आलं. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती (धोक्याची पातळी 45 फूट), तेव्हा आमच्या तळमजल्यात छताचा पंखा तेवढा कोरडा राहिला. आई-बाबा आता सत्तरीच्या पुढं आहेत. पाऊस लागला की सामान ट्रॅक्टरवर टाकून मिरजेला पाहुण्यांकडं न्यायचं, हे त्यांच्यानं होत नाही. म्हणून वर 900 चौरस फुटांचा मजला काढायचा विचार आहे, निदान धान्य, कपाटं, कागदपत्रं तरी वर राहतील.

आमचे मिस्त्री जुने आणि भरवशाचे. त्यांचं म्हणणं, "चार कोपऱ्यांत चार कॉलम उभे करू, वर बीम फिरवू, इंजिनिअरला कशाला पैसे घालता?" बाबांनाही ते पटलंय. मला मात्र भिंतींची धास्ती वाटते. जमिनीपासून चार-साडेचार फुटांपर्यंत लोणा धरलाय, प्लॅस्टर पोकळ वाजतं. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर खाली जमिनीपर्यंत गेली आहे. तिथला सांधा किल्लीच्या टोकानं उकरला तर माल वाळूसारखा हातात येतो. अशा भिंतीवर मजला बसवून वर आई-बाबांना झोपवायचं म्हटलं की माझीच झोप उडते.

तिघांकडून दर घेतले:

पहिले म्हणतात चौरस फुटाला 7 रुपये, म्हणजे 6,300. फक्त कॉलम-बीम-स्लॅबचं ड्रॉइंग आणि सळईचं डिटेल. घर बघायला येणार नाहीत, आर्किटेक्टचा प्लॅन व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणाले.

दुसऱ्यांनी एकरकमी 25,000 सांगितले. त्यात घराची तपासणी, पायाजवळ खड्डा घेऊन बघणं, स्लॅबची हॅमर टेस्ट, डिझाइन आणि कामावर तीन भेटी. पुढच्या प्रत्येक भेटीला 1,500.

तिसरे बांधकाम खर्चाच्या अडीच टक्के मागतात. 1,800 रुपये फुटानं हिशोब धरला तर 40,500, वर 18 टक्के जीएसटी.

6,300 आणि 40,500 यांत एवढं अंतर का, तेच कळत नाही. आमच्याकडं कोणता दर रास्त म्हणायचा? दुसऱ्यांच्या यादीत काही राहून गेलंय का? आणि हॅमर टेस्ट खरंच लागते का? कुणी सांगली-साताऱ्याकडं अलीकडं असं काम केलं असेल तर कृपया खरे आकडे सांगा.

प्रतिसाद 1 (मिरज, आरसीसी कन्सल्टंट)

दरांची तुलना करू नका, कामाची करा. पहिले ड्रॉइंग देतायत, तुमचं घर उभं राहील की नाही ते सांगत नाहीत. मोकळ्या प्लॉटवरच्या नव्या घराला आपल्याकडं 7 ते 12 रुपये फूट चालतं. जुन्या घरावर चढवताना खरी मेहनत तपासणीची असते.

वजनाचा अंदाज घ्या. 5 इंची स्लॅबचं नुसतं वजन चौरस मीटरला 300 किलोच्या वर जातं. 9 इंची, 10 फूट उंच भिंत धावत्या फुटाला साधारण 4 क्विंटल. हे सगळं तुमच्या लोणा लागलेल्या विटांवर येणार. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि कोपऱ्यातल्या तिरक्या चिरा बहुतेक त्यातूनच येतात.

मिस्त्रींच्या कॉलममध्ये एक धोका आहे. जुन्या पायाला लागून नवा खड्डा खोल घेतला की जुन्या पायाखालची माती सुटते. शिवाय नवा पाया वेगळा बसतो, जुना वेगळा. अशा घराला मी सहसा बाहेरून स्वतंत्र फ्रेम सुचवतो: कॉलम भिंतीपासून लांब, फुटिंग (कॉलमखालचा पाया) वेगळं, वरचा भार जुन्या भिंतीवर अजिबात नाही. खर्च वाढतो. तो झेपत नसेल तर वर लोखंडी सेक्शन आणि पत्रा, पण तेही तपासल्याशिवाय नको.

हॅमर टेस्ट काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा सांगते. जुन्या काँक्रीटला आकडा उगाच चांगला येतो, आणि विटांच्या भिंतीबद्दल ती काहीच सांगत नाही. त्यापेक्षा स्लॅबचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) दोन-तीन ठिकाणी फोडून सळई किती गंजली ते बघायला सांगा. चिरेवर आजच काचेची पट्टी चिकटवा, तारीख लिहा. काच तडकली तर चीर अजून चालू आहे.

तुमच्या जागी मी दुसऱ्यांकडं गेलो असतो. फक्त फुटिंगचा खड्डा, प्लिंथ (जोतं), कॉलमची सळई आणि स्लॅब ओतण्याआधी, अशा किमान चार भेटी लेखी घ्या. आणि आधी पूररेषा बघा. निळ्या पूररेषेच्या (नदीकडच्या बांधकामबंदीच्या हद्दीच्या) आत असाल तर परवानगीचाच प्रश्न येईल, डिझाइनवर पैसे नंतर घाला.

प्रतिसाद 2 (पाटण, जि. सातारा)

आमच्याकडं 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप बघितलेली माणसं घरात आहेत, त्यामुळं इंजिनिअर नको असं कुणी म्हणत नाही. मी दोन वर्षांपूर्वी 12 रुपये फुटानं दिले, भेटींसकट. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं 90 अंशात नुसती दुमडली होती. इंजिनिअरनी काम थांबवून ती 135 अंशात आत वळवून घेतली. भूकंपात रिंग उघडू नये म्हणून. मिस्त्री रागावले, पण त्या एका भेटीत फी वसूल झाली असं मी मानतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना वजनाचा हिशोब वाचून दाखवला, आता तेही खड्डा घेऊन बघा म्हणतायत. एकच विचारतो, 25,000 कसे द्यायचे? ते निम्मे आगाऊ मागतायत.

प्रतिसाद 1 (मिरज, आरसीसी कन्सल्टंट)

तपासणीचे वेगळे काढा, 7-8 हजार, आणि त्याचा सही-शिक्क्याचा लेखी अहवाल घ्या. अहवालात मजला चढवू नका असं आलं तर पुढचे पैसे द्यायचे नाहीत, हे आधीच बोलून ठेवा. चढवता येतो असं आलं तर ड्रॉइंग हातात पडल्यावर निम्मे, उरलेले स्लॅबच्या भेटीनंतर.