घळ, घळई की ओघळ?

शंकेखोर: कोरड्या खोऱ्यांतल्या 'गली इरोजन'वरचा (वाहत्या पाण्याने मातीत खोल चर पडतात त्यावरचा) एक लेख मराठीत आणतोय. शेतीच्या पुस्तकांत 'घळपाडी धूप' सापडली. पण लेखभर 'घळ' लिहिलं तर वाचकापुढे गुहा उभी राहील अशी धास्ती वाटते (समर्थांची घळ गुहाच की!). 'घळई' चालेल का? की सरळ 'ओघळ'?

मातीगाडा: घळई नको. भूगोलात ती म्हणजे नदीने खडक कापून केलेली अरुंद, खोल दरी. तुमची गली मातीत पडते, आणि कधी कधी एकाच वळवात पडते. ओघळही नको. सालकाढी (मातीचा पातळ थर सोलून नेणारी), ओघळपाडी, घळपाडी अशी धुपेची चढती भाजणी आहे. नांगरट केली की ओघळ बुजतो. घळ बुजत नाही, तिथे औतच वळवावं लागतं. आकडाच हवा तर छेदाचं क्षेत्रफळ साधारण १ चौरस फुटापुढे गेलं की घळ, असाही एक संकेत आहे. पण औताची कसोटी मला जास्त पटते.

जुनीपोथी: थोडं अवांतर. इंग्रजी 'गली'चं मूळ घसा या अर्थाच्या फ्रेंच शब्दात मानतात. दक्षिण आफ्रिकेत घळीला 'डोंगा' म्हणतात. आपला डोंगा पाण्यावर तरंगतो, त्यांचा पाण्याने खणलेला! स्पॅनिश 'अरोयो' म्हणजे मुळात ओढा, पण अमेरिकेच्या नैऋत्य भागात उभ्या काठांच्या, एरवी कोरड्या पात्राला तो शब्द चिकटला. चंबळचं बीहड म्हणजे मात्र घळींचं अख्खं जाळं असतं, एकट्या घळीला ते नाव देऊ नका.

शंकेखोर: ठरलं, घळ. आता पुढचं वाक्य अडलंय: घळ 'डोक्याकडून चढाला वाढते'. पाणी खाली जातं आणि घळ वर?

मातीगाडा: बरोबर लिहिलंय. घळीच्या वरच्या टोकाला मातीची उभी पायरी असते. पाणी तिच्यावरून कोसळतं, पायथा पोखरतं, वरचा थर अधांतरी राहतो आणि ढासळतो. दर लोंढ्यागणिक पायरी मागे, म्हणजे चढाकडे सरकते. सोडियम जास्त असलेल्या मातीत तर आधी जमिनीखाली पोकळ नळ्या पडतात. छत बसलं की आयती घळ उघडी.

शंकेखोर: आणि 'सेडिमेंट'? 'अवसाद' लिहिताना हात अडतो.

मातीगाडा: गाळ लिहा. फक्त पहिल्या उल्लेखाला 'वाळू-गोट्यांसकट' जोडा, नाहीतर लोक चिखलच समजतील. आणि 'गाळ नदीला मिळतो' असं सरसकट लिहू नका. कोरड्या खोऱ्यात लोंढा वाटेतच तळात मुरतो, पाणी दमतं आणि ओझं तिथेच टाकतं. उतार मोडतो तिथे, घळीच्या तोंडाशी, भरड माल पंख्यासारखा पसरतो. बारीक माती पुढे जाते. साचून साचून त्या भरावाचा उतार वाढला की त्याच्यातच नवी घळ पडते. म्हणजे एकच खोरं एकीकडे खणलं जातं, दुसरीकडे भरतं. नुसतं 'धूप' म्हटलं की ही दुसरी बाजू सुटते.

जुनीपोथी: पण पाऊसच कमी, तिथे एवढा गाळ कुठला?

मातीगाडा: लँगबाइन आणि शुम या अमेरिकी संशोधकांनी १९५८ साली अमेरिकेतल्या खोऱ्यांची मोजमापं मांडली. सर्वांत जास्त गाळ निघाला तो वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर 'परिणामी पावसा'च्या (म्हणजे तापमानाचा हिशेब धरून काढलेल्या पावसाच्या) आसपास. त्याहून कमी पावसात वाहायला पाणीच नाही, जास्त पावसात गवत-झाडोरा माती धरून ठेवतो. मधल्या पट्ट्यात पाऊस माती सोडवण्यापुरता, पण गवत टिकवायला अपुरा.

शंकेखोर: हे लेखात घेतो. उरलं ते 'डोकं'. 'घळीचा माथा' करू?

जुनीपोथी: माथा म्हटलं की डोंगर आठवतो. आणि माथा कधी मागे सरकतो का?

मातीगाडा: 'घळीची पायरी' लिहा. सरकते ती पायरीच.