पुरात नळ कोरडा: २४ फ्लॅटच्या सोसायटीनं काय सोय करावी?

गावभागकर
मंडळी, सोसायटीचं सेक्रेटरीपद यंदा माझ्या गळ्यात पडलंय. सांगलीत मारुती चौकापासून चालत पाच मिनिटं, २४ फ्लॅट, माणसं ९६. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी आणि नळाला सहा दिवस थेंब नाही. खालची टाकी गढूळ, बोअरची मोटार बुडालेली, वीज बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतनं दोरीनं बादली सोडून संडासापुरतं पुराचं पाणी ओढायच्या. २०२१ ला पुन्हा तेच.

मीटिंगमध्ये तीन गोष्टी निघाल्या: जनरेटर, नवा बोअर, नाहीतर टँकरवाल्याशी वर्षाचा करार. फ्लॅटमागं ५ हजारांपुढं कुणी सरकत नाही. काय करू?

जॅकवेलवाले काका
टँकरचं आधी डोक्यातनं काढा. तुमच्या चौकात होडी फिरते, टँकर कुठनं येणार? जनरेटर पार्किंगमध्येच ठेवणार ना? तोही पोहणार.

मी दुसऱ्या गावात ३१ वर्षं पंपावर काढली. जॅकवेल, म्हणजे गावासाठी नदीचं पाणी उपसायची पंपाची विहीर, नदीकाठालाच असते. विजेच्या पॅनेलपर्यंत पाणी आलं की मोटार बंद करावीच लागते. पूर ओसरला म्हणून लगेच बटण दाबता येत नाही. मोटारीतल्या तारांचं वायंडिंग सुकवायचं, वीज गळत नाही ना ते मेगर नावाच्या यंत्रानं बघायचं, मग मोटार. पाण्यात एवढा गाळ की फिल्टर सारखे धुवावे लागतात. म्हणून चार-सहा दिवस तुमचे तुम्हीच.

गच्चीवर किती लिटर आहे?

गावभागकर
५ हजारांच्या दोन टाक्या.

जॅकवेलवाले काका
मग पाणी डोक्यावरच आहे की! रोजच्यासारखं माणशी १३५ लिटर वापरलं तर ९६ जणांना दिवसाला १३ हजार, म्हणजे संध्याकाळपर्यंत खडखडाट. पिणं, स्वयंपाक आणि जुजबी धुणं माणशी १५ लिटरांत बसवा. दिवसाला १४४० होतात, सहा दिवस निघतात. संडासाला आजींची बादली आहेच.

आयर्विनला ४० फूट इशारा, ४५ धोका. ४० ला टाक्या काठोकाठ भरायच्या आणि खाली जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद. सकाळी तासभर घागरीनं वाटप. वीज जायच्या आत हे झालं पाहिजे. गेल्यावर मोटार कशावर लावणार?

मिरजेची ताई
दवाखान्यात काम करते म्हणून सांगते, पुराच्या बादलीतल्या पाण्यानं भांडी धुवू नका. गच्चीतल्या स्वच्छ पाण्याला हजार लिटरला ४-५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, अर्धा तास थांबून वापरा. पुडा ताजा घ्या, उघडा राहिलेला निकामी होतो. खालच्या टाकीचं तोंड जमिनीलगत असेल तर पूर गेल्यावर ती उपसून, घासून, जास्त ब्लीचिंगनं धुवेपर्यंत हात लावायचा नाही.

२०१६ ला आमच्या मिरजेतनं रेल्वेनं लातूरला पाणी गेलं. पहिली खेप १० वाघिणी, ५ लाख लिटर. तीनच वर्षांनी आमच्याकडच्या बायका बाटल्या शोधत होत्या.

सातारी कंदी
आमच्याकडं साताऱ्यात कास तलावाचं पाणी वरनं उतारानं येतं, उपसायला मोटार लागत नाही 😄

जॅकवेलवाले काका
नशीबवान आहात. सांगलीला डोंगर आणून द्या मग.

गावभागकर
काका, मीटिंग झाली. जनरेटर, बोअर, टँकर तिन्ही रद्द. गच्चीवरचा एक व्हॉल्व्ह गंजून बसलेला, तो बदलला आणि खालच्या टाकीचं तोंड दोन फूट उचलायला गवंडी सांगितलाय. वर्गणी ५ हजारांच्या आतच आली. फ्लॅट ११ विचारतोय की वॉशिंग मशीनचं काय. गच्चीची किल्ली आजींकडं दिलीय, त्याला तिकडंच पाठवलं.