मदत हवी आहे: ट्रॅफिकमध्ये एसी चालू असला की रबर जळाल्यासारखा वास

घोडबंदर_रोजचा
२०१५ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किमी. कासारवडवली ते ऐरोली, रोज. गाडी सुटी पळते तोवर काही नाही. कापूरबावडीला अर्धा तास रखडलं की एसीच्या जाळीतून रबर जळाल्याचा वास येतो आणि मागोमाग हवा कोमट होते. एसी बंद केला की पाच-दहा मिनिटांत वास विरतो. धूर नाही, बोर्डावर लाईट नाही. एका गॅरेजमध्ये म्हणाले 'क्लच जळतोय, प्लेटचा सेट टाकू'. दुसरीकडे म्हणाले पूर्ण कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) बदला. कोणाचं ऐकू?

पाना_बारातेरा
क्लच जळत असेलही, पण तो गिअरचा नाही, एसीचा. गिअरच्या क्लचचा वास एसी बंद केल्याने जात नाही. तरी खात्री हवी तर फ्लायओव्हरच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम वर गेला आणि स्पीड तिथेच राहिला, तरच गिअरच्या क्लच-प्लेटचा खर्च काढा.

आता कॉम्प्रेसर. त्याची पुली इंजिनाबरोबर कायम फिरते. एसी लावला की पुलीमागची कॉइल (तारेचं वेटोळं) चुंबक होते, पुढची गोल प्लेट पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो; हाच एसीचा क्लच. दोघांमधली फट साधारण ०.३ ते ०.६ मिमी असते (नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये). वापराने प्लेट झिजते, फट वाढते. थंड असताना कॉइल तरीही ओढून घेते. बोनेटखाली तापलं की तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स वाढतो, करंट घटतो, ओढ कमी पडते. मग प्लेट धड चिकटत नाही, धड सुटतही नाही, नुसती घासत राहते. पुष्कळ कॉम्प्रेसरच्या प्लेटमध्ये रबराचे तुकडे असतात, ते करपतात. वास आणि कोमट हवा एकदम येतात ते म्हणूनच.

वास आला की गाडी बाजूला घ्या, इंजिन आणि एसी चालू ठेवा आणि लांबून टॉर्च मारा. पुली फिरतेय पण पुढची प्लेट मागे पडतेय किंवा अडखळतेय, तर निदान झालं. ओढणी, सैल बाही, हात बेल्टजवळ न्यायचं नाही.

काही गाड्यांत हा क्लच नसतोच, पुली आणि कॉम्प्रेसर कायम जोडलेले. तुमची तशी असेल तर वरचं सगळं सोडून द्या.

सानपाडा_पार्किंग
आधी फुकटातलं बघा. सायलेन्सरला प्लॅस्टिकची पिशवी चिकटलीय का? चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू धरा, डिस्कला हात लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर कॅलिपरच्या (ब्रेक दाबणारा भाग) पिना जाम.

पाना_बारातेरा
बरोबर, पण एसी बंद करून जाणारा वास ब्रेकचा नसतो.

कोपरखैरणे_वायरिंग
नुसती प्लेटची फट कमी करून थांबू नका, नाहीतर महिन्याभरात इथेच परत याल. वास थांबलेल्या गाडीत येतो हे महत्त्वाचं. एसी लावल्यावर कंडेन्सरचा (एसीचा गॅस थंड करणारा, रेडिएटरसारखा भाग) पंखा फिरतो का? पंखा बंद असेल तर गॅसचं प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर जड जातो आणि चांगला क्लचसुद्धा घसरतो. गाडी पळते तेव्हा वारा ते काम करतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर कळत नाही. गॅस जास्त भरला असेल तरी हेच.

मेट्रोच्या कामाची धूळ कंडेन्सरच्या पत्र्यांत भरते. जमेल तर इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशरने पत्रे वाकतात.

कॉइलचा प्लग काढून मीटर लावा: साधारण ३ ते ४ ओहम. मग प्लग लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून कॉइलवरचा व्होल्टेज बघा. बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्ट कमी असेल तर रिलेचे (कॉइलला करंट देणारा स्विच) पॉइंट किंवा अर्थिंगची वायर खराब.

घोडबंदर_रोजचा
आज पाहिलं. वास आला तेव्हा प्लेट अडखळत होती. थंड इंजिनावर, चावी काढून, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तीन ठिकाणी घातला: ०.८५, ०.९, ०.९ मिमी. मॅन्युअलमध्ये ०.३५ ते ०.६. पंखा पहिल्या झटक्यात फिरत नाही, काडीने ढकलला की फिरतो. बेल्टला तेल नाही, भेगा नाहीत. कॉम्प्रेसर बदलावा लागेल का?

पाना_बारातेरा
आत्ताच नको. इंजिन बंद ठेवून पुढची प्लेट हाताने फिरवा. सारख्या जोराने फिरली तर कॉम्प्रेसर शाबूत आहे. अडकली तरच तो जाम. मग बेल्ट सैल करून पुली हलवून बघा: खडखड किंवा डुगडुग असेल तर बेअरिंग गेलं.

दोन्ही ठीक असतील तर मधला नट काढून प्लेट बाहेर घ्या. शाफ्टवर पातळ चकत्या असतात. मोजून एक काढा, प्लेट बसवा, नट कसा, पुन्हा तिन्ही जागी फट मोजा. प्लेट निळी पडलेली किंवा रबर फाटलेलं असेल तर क्लच किट टाका: प्लेट, पुली, कॉइल. किट कॉम्प्रेसरच्या बाहेर असतं, गॅस काढावा लागत नाही. 'गॅस पण भरावा लागेल' म्हणाले तर का ते विचारा.

कोपरखैरणे_वायरिंग
ढकलल्यावर फिरणारा पंखा म्हणजे मोटरचे कार्बन ब्रश संपले. मोटर आधी बदला, क्लच नंतर. आणि काडी पुन्हा नको, पंखा अचानक सुटतो.

घोडबंदर_रोजचा
मोटर बदलली, एक चकती काढली. फट आता ०.४५. प्लेट निळी नाही. आज कापूरबावडीला ४० मिनिटं अडकलो, हवा गार, वास नाही. काढलेली चकती पिशवीत घालून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलीय.

पाना_बारातेरा
दहा हजार किमीनंतर फट पुन्हा मोजा. तेव्हा कमी करायला चकतीच उरली नसेल तर किट.